आठव्याचं काम चालू आहे

दिनांक: ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार, सन दोन हजार एक. वेळ: कळवलेली सकाळी अकराची, प्रत्यक्षात जेवणं उरकल्यानंतरची. स्थळ: माजलगावच्या आमच्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, म्हणजे सायकल-स्टँडमागची ती खोली, जिच्यात त्याआधी मोडके बाक ठेवत.

उपस्थिती: विद्यापीठाच्या समितीचे अध्यक्ष आणि दोन सदस्य, आमचे प्राचार्य, नव्या सफारीत; शिपाई मामा, बिस्किटांच्या बशांसह; सरांचे मोठे भाऊ आण्णा, ज्यांना कुणीही बोलावलं नव्हतं, दाराजवळच्या खुर्चीवर; मी, म्हणजे मुख्य लिपिक; आणि सर. शिवाय आठ संगणक. त्यातले सात एकमेकांशी बोलत होते. आठवा हजर होता, पण हाक मारली तर ओ देत नव्हता.

अध्यक्ष आत आले, खोलीभर नजर फिरवली आणि सरळ जाऊन आठव्यासमोर बसले.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी सर कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही.

सर आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर सर, नाही घेतला तर कुणीच नाही. उंच, किडकिडीत, कपाळावर भस्माचे पट्टे आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. त्याच्या वजनानं खिशाला खालून भोक पडायचं. मग सर शर्ट बदलायचे, स्क्रूड्रायव्हर बदलायचे नाहीत. पेन लागलं की माझं घ्यायचे. माझ्या टेबलावरची पेनं दोरीनं बांधलेली असतात ती तेव्हापासून.

जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा एकच प्रश्न असायचा: "उघडून बघितलंय का?"

स्टाफरूममधलं भिंतीवरचं घड्याळ मागं पडायला लागलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते किती मागं आहे हे लक्षात ठेवायची सवय लावून घेतली होती. सरांनी ते उघडलं. आत काय बिघडलंय ते त्यांना कळलं. घड्याळ त्यानंतर कायमचं बंद पडलं, पण सरांच्या लेखी काम झालं होतं. पाणी शुद्ध करायचं यंत्र उघडलं, तर आत गाळणीच नव्हती, आणि कित्येक वर्षं नव्हती. तोवर आम्ही ते पाणी निर्धास्त पीत होतो. उघडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून निम्म्या स्टाफची पोटं बिघडली. एका सहकाऱ्यानं पेढे वाटत सांगितलं, "मुलीचं जमलं. मुलगा पुण्याला, मोठ्या कंपनीत." सरांनी पेढा हातात धरून विचारलं, "उघडून बघितलंय का?" त्या लग्नाची पत्रिका सरांना आली नाही.

ही खोड त्यांना मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, आली होती. घर तेलगावचं, पण माजलगावच्या मोंढ्यात घराण्याची आडत. सरांचं लहानपण पोत्यांवर गेलं. आडतीवर माल आला की व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसतो, तिच्यातून आतलं धान्य तळहातावर काढतो, फुंकतो, दाताखाली धरतो आणि मग बोलतो. "पोत्यावर मार्का काय हाय ते हमाल बघतो," सर सांगायचे. "घेणारा नळी खुपसतो."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की वाटावं, हा माणूस मोंढ्यात बसला असता तर सुखी झाला असता. पण तिथं बसायचं नुसतं नाव काढलं तरी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन उठून जायचे. गादीवर बसायचं, तेच तूर, तेच मूग, तोच भाव, आणि समोरच्या माणसाला उघडून बघायची सोय नाही. आण्णांनी त्यांच्यासाठी गादीवरची जागा राखून ठेवली होती. लोड, तक्क्या, भिंतीला टेकायची जागासुद्धा. प्रत्येक रविवारी आण्णा विचारायचे, "किती दिवस लेकरांपुढं हवा मारणार बे? गादी रिकामी हाय."

शेवटी दोघांत करार झाला. प्राचार्यांनी संगणकाचा अभ्यासक्रम काढायचं ठरवलं होतं. त्या काळात ज्याच्याकडे रिकामी खोली होती त्यानं संगणकाचा क्लास काढला आणि ज्याच्याकडे नव्हती त्यानं गोठा रिकामा केला. प्राचार्यांनी प्रयोगशाळा सरांकडे सोपवली, कारण स्टाफमध्ये वस्तू उघडायला न भिणारे तेवढेच होते. आण्णा म्हणाले, "दिवाळीपर्यंत. मान्यता मिळाली तर रहा तिथंच, मी पुन्हा नाव काढणार न्हाई. न्हाई मिळाली तर पाडव्याला वहीपूजनाला येऊन गादीवर बसायचं. जन्मभर."

सरांनी हो म्हटलं. ती मुदत नव्हती, दोर होता, आणि दुसरं टोक आण्णांच्या हातात होतं.

विद्यापीठाची मुख्य अट अशी: आठ संगणक, एकमेकांना जाळ्यानं जोडलेले. माझ्या कामांच्या यादीत ही ओळ मी सरळ लिहिली: "संगणक जोडणी – सर – एक आठवडा." एक आठवडा हा शब्द मी कुठून आणला ते आता आठवत नाही. आशावाद असणार.

पहिला वाद संगणकावर कुठली प्रणाली घालायची यावरून. प्राचार्यांनी खिशातून एक सीडी काढली. तिच्यावर स्केचपेननं काहीतरी लिहिलेलं होतं. "सगळीकडे हीच चालते," ते म्हणाले. "भाच्यानं दिली."

"चोरीची हाय," सर म्हणाले.

"अहो, सगळेच वापरतात."

"आमच्या दुकानात चोरीचा माल ठेवत न्हाईत सर. आमच्या वडलांच्या, आप्पांच्या काळापासून. आणि तसली उघडून बी बघता येत न्हाई."

सर लिनक्स नावाची प्रणाली घालणार होते. औरंगाबादहून आणलेल्या एका मासिकाबरोबर तिच्या दोन सीड्या फुकट आल्या होत्या. जगभरातल्या लोकांनी मिळून ती लिहिली होती आणि आतलं सगळं उघडं होतं, ज्याला वाटेल त्यानं बघावं. सरांना आयुष्यात पहिल्यांदा अशी वस्तू भेटली होती की जिच्यावर त्यांचा प्रश्न चालतच नव्हता. त्यांचा चेहरा लग्न ठरल्यासारखा झाला होता.

आण्णा त्या दिवशी डबा द्यायला आले होते. त्यांनी ती सीडी हातात घेऊन उलटसुलट केली. "फुकट?"

"फुकट."

"मग ह्यांचं दुकान चालतंय कसं?"

"दुकानच न्हाई, आण्णा."

"मग माल खराब निघाला तर भांडायचं कुणाशी?"

"कुणाशी बी. सगळे मदत करतात."

आण्णांनी सीडी खाली ठेवली. "म्हंजे कुणाशीच न्हाई," ते म्हणाले आणि डबा ठेवून निघून गेले. खुल्या प्रणालीवर पुढं मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नाही.

आता जोडणी. प्रत्येक संगणकात एक कार्ड बसवायचं, त्याला वायर लावायची, सगळ्या वायरी मधल्या एका डबीत न्यायच्या. इथवर शिपाई मामांनाही जमलं असतं. पण नुसतं कार्ड बसवून ते बोलत नाही. त्याच्यासाठी ड्रायव्हर लागतो. म्हणजे काय, ते सरांनी मला मोंढ्याच्या भाषेत समजावलं. "बाई, शेतकऱ्याला व्यापाऱ्याचं कळंना, व्यापाऱ्याला शेतकऱ्याचं. मधी दलाल लागतो का न्हाई? तसा ह्यो दलाल. कार्डाचं सिस्टीमला सांगतो, सिस्टीमचं कार्डाला. पण हरेक चिपचा दलाल वेगळा. भलताच घातला की दोघंबी गप."

"मग योग्य तो घाला."

"त्यासाठी चिप कुठली ते कळाया पायजे."

इथं घराण्याचे संस्कार आड आले. आडतीवर लहानपणी शिकवलेला पहिला धडा हा, की सगळा माल एका दुकानातून उचलायचा नाही. एकानं फसवलं तर सगळं जातं. तिघांकडून घेतला तर तिघं मिळून फसवू शकत नाहीत. सर औरंगाबादला गेले आणि आठ कार्डं तीन दुकानांतून घेऊन आले. डबे सगळे सारखे: तोच हिरवा रंग, तेच चित्र, वर तेच चुकीचं इंग्रजी. सरांनी दुकानातच ते उघडायला घेतले होते, पण तिन्ही ठिकाणी पाटी होती की उघडलेला माल परत घेणार नाही, आणि शेवटची एसटी निघत होती. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस न उघडता काही घेऊन आला.

माजलगावात उघडलं. डबा एक, चित्र एक; आतल्या चिपा तीन घरच्या, म्हणजे तीन कंपन्यांच्या. आणि एक कार्ड असं, की ते कुठल्याच घरचं नव्हतं. त्याचं नंतर सांगते.

आण्णांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तिघांनी बी फसवलं."

"न्हाई आण्णा. तिघांनी वेगवेगळं दिलं. एकाकडनं घेतलं असतं तर समदे सारखे आले असते. एकच दलाल पुरला असता."

आण्णांनी एक रिकामा हिरवा डबा उलटा करून बघितला. पिढ्यान्‌पिढ्यांचा धडा चुकीचा निघणं त्यांना मान्य होण्यासारखं नव्हतं. "मग मालच चुकीच्या धंद्यातला हाय," ते म्हणाले.

ड्रायव्हर शोधायची सुरुवात झाली. ड्रायव्हर असतात इंटरनेटवर. इंटरनेटसाठी फोन लागतो. फोन प्राचार्यांच्या केबिनमध्ये, आणि त्याच्या डायलला कुलूप. कुलपाची किल्ली प्राचार्यांच्या जानव्याला. त्यांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. पण मोडेम जोडला की किर्र आवाज करत तो बराच वेळ नंबर लावायचा, आणि नेमकं काही उतरायला लागलं की प्राचार्यांना संस्थेच्या सचिवांना फोन करायचा असायचा. अर्धा ड्रायव्हर कामाचा नसतो. भारनियमनाचं मी लिहीत नाही. त्या वर्षांत बीड जिल्ह्यात राहिलेल्याला ते सांगायला नको आणि न राहिलेल्याला सांगून कळणार नाही.

मग सर बीडला निघाले. तिथं एक सायबर कॅफे होता. फ्लॉपीवर ड्रायव्हर उतरवून घेतले आणि काळीपिवळी जीपमधून परतले. जीपवाल्यानं मागच्या सीटखाली दोन मोठे स्पीकर बसवलेले, आणि सरांची पिशवी बरोबर त्यांच्यावर. स्पीकरात लोहचुंबक असतं हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला तेलगाव फाट्यावर आठवलं. फ्लॉपी कोरी निघाली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी फ्लॉपी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घातली. आदल्या दिवशीचा ठेचा त्यातून नीट धुतला गेला नव्हता. ड्रायव्हर सुखरूप आले. फ्लॉपी संगणकात घातल्यावर दोन दिवस प्रयोगशाळेत भूक लागल्यासारखं व्हायचं.

पण हे ड्रायव्हर शिजवलेले नव्हते, कच्चे होते. म्हणजे लिहिलेल्या स्वरूपात. ते आपल्या संगणकावर तयार करून घ्यायचे. आणि त्यासाठी लागणारं सामान होतं मासिकाबरोबरच्या दुसऱ्या सीडीवर. पहिली सीडी सरांच्या कपाटात होती. दुसरी कुठं गेली?

"ती चकचकीत?" शिपाई मामा म्हणाले. "मोठ्या साहेबांच्या खिडकीत बांधली हाय की. कबुतरं लई झालती."

प्राचार्यांनी ती फुकटची आहे असं ऐकलं होतं. एक पुरे म्हणून दुसरी त्यांनी कबुतरांच्या बंदोबस्ताला लावली होती. सरांनी ती सोडून आणली, साबणानं धुतली, धोतराच्या कपड्यानं पुसली आणि श्वास रोखून आत घातली. वाचली गेली. कबुतरं मात्र तिला कधीच भ्यायली नव्हती, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

त्यानंतरचे दिवस सर प्रयोगशाळेतच असायचे. ड्रायव्हर तयार करायचा, घालायचा, काही होत नाही, पुन्हा. पडद्यावर इंग्रजीत रागावलेली वाक्यं यायची आणि सर ती अशी मन लावून वाचायचे जसं कुणी घरचं पत्र वाचतं. मग एक दिवस पहिले दोन संगणक बोलले. सरांनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं. पडद्यावर एकाखाली एक सारख्या ओळी येत होत्या.

"काय म्हणतंय?" मामांनी विचारलं.

"ह्यो विचारतोय, हायस का? आन त्यो म्हणतोय, हाय."

"मंग?"

"मंग पुन्हा विचारतोय."

मामांनी पडद्याजवळ वाकून बघितलं. "आमची म्हातारी आसंच करती," ते म्हणाले.

असे करत सात झाले. मग आठवा.

त्या कार्डावरच्या चिपेचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं होतं. नखानं नव्हे, कानशीनं, पद्धतशीर. सरांनी भिंग लावलं, तिरपा उजेड टाकला, ओला कापूस फिरवला. मग प्रणालीकडून आतून विचारून घेतलं, तर कार्डानं एक आकडा सांगितला, आणि त्या आकड्याचं जगातल्या कुठल्याच यादीत कुणी नव्हतं. "आतनं बी खोटं बोलतंय," सर कौतुकानं म्हणाले. सातांसाठी तयार केलेले सगळे ड्रायव्हर घालून बघितले. आठवा गप्प.

त्यांनी जगाला विचारलं. म्हणजे पुन्हा बीडला जाऊन, इंटरनेटवर जिथं लिनक्सवाले एकमेकांना प्रश्न विचारतात तिथं सविस्तर पत्र टाकलं. पुढच्या खेपेला उत्तरं छापून आणली आणि मला वाचून दाखवली. कुठल्या कुठल्या देशांतली, कधी न बघितलेली माणसं. त्यांनी आपुलकीनं, मुद्देसूद, एकमतानं कळवलं होतं की दुसरं कार्ड घ्या, स्वस्त मिळतं.

हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मीही सांगितलं. "सर, समिती येतेय. उद्याच्या एसटीनं दुसरं मागवते, पाच मिनिटांत बसेल."

"बदलायचं काहून?" सर म्हणाले. "त्ये मेलं न्हाई बाई. दिवा लागतोय त्याचा. आपल्याला वळकता येईना, त्यात त्याचा काय दोष?"

"दोष नाही हो. पण पाडवा जवळ आलाय. तुम्हाला गादीवर बसायचंय का?"

सरांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, परत ठेवला. "न्हाई," ते हळू म्हणाले. "पर न वळकता टाकून द्यायचं तर गादी काय वाईट हाय? तिथं बी तेच."

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. त्याच्यासाठी यादीत शेरा लिहिता येतो. मी लिहिला: "आठवा – काम चालू."

तर तो शनिवार.

प्राचार्यांनी व्यवस्था चोख केली होती. आठव्यावर प्लास्टिकचं आवरण, वर फुलदाणी, आणि आम्हा सगळ्यांना सूचना: "तो सर्व्हर आहे म्हणायचं. सर्व्हर म्हटलं की कुणी हात लावत नाही." सकाळी सरांनी आवरण काढलं, आत उष्णता साठते म्हणून. फुलदाणी त्यांनी प्राचार्यांच्या केबिनच्या खिडकीत ठेवली, दुसऱ्या सीडीच्या जागी. अध्यक्ष तिथंच जाऊन बसले, कारण तीच एक खुर्ची पंख्याखाली होती.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "ह्यावरून त्या कोपऱ्यातल्या संगणकावरची एखादी फाईल उघडून दाखवा बरं."

प्राचार्यांना खोकला आला. मामांनी प्रसंग ओळखून बिस्किटं पुढं केली. दाराजवळ आण्णा खुर्चीच्या कडेवर सरकले. लिलावात शेवटची बोली लागताना सरकतात तसे.

"हा आमचा सर्व्ह–" प्राचार्यांनी सुरुवात केली.

"ह्यो न्हाई चालत," सर म्हणाले.

खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता. तोही नंतर बंद पडला, कारण वीज गेली. आता बॅटरीवर फक्त संगणक.

"नाही चालत म्हणजे?" अध्यक्ष.

"सात चालतात. ह्याच्या कार्डाची चिप सापडंना. थांबा, दावतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत सरांनी स्क्रूड्रायव्हर काढला, आठवा बंद केला आणि विद्यापीठाच्या समितीसमोर त्याची कूस उघडली.

प्राचार्यांनी डोळे मिटले. ते देवाचं नाव घेत होते की सरांचं, ते ओठांवरून कळलं नाही.

त्यानंतर सर बोलले. तीन दुकानं, हिरवे डबे, स्पीकर, ठेचा, कबुतरं, परदेशातले लोक, सगळं. दोन सदस्यांपैकी एकानं डुलकी काढली. चहाला साय आली. अध्यक्ष रसायनशास्त्राचे होते, निवृत्तीला आलेले; ते चष्मा वर करून आत बघत होते. बराच वेळ बघत होते.

"असं असतं होय आत," ते शेवटी म्हणाले. "मी इतक्या प्रयोगशाळा तपासल्या. कुणी उघडून दाखवला नाही."

"कुणी इचारलं न्हाई आसंल," सर म्हणाले.

"मग आता आम्ही काय लिहायचं, तुम्हीच सांगा."

प्राचार्यांनी डोळे उघडले. हे वाक्य ऐकायला संस्थाचालक आयुष्य घालवतात. प्राचार्यांनी सरांकडे आठ बोटांची खूण केली. तिचा अर्थ कुणालाही कळला असता.

"जे हाय ते लिहा," सर म्हणाले. "सात चालतात. आठवं शोधतोय."

अध्यक्षांनी तसंच लिहायला सांगितलं. अटीवर मान्यता, आठवा संगणक जोडून तसा अनुपालन अहवाल महाविद्यालयानं सादर करावा, म्हणजे मान्यता पूर्ण होईल. जाताना त्यांनी सरांना विचारलं, "सापडली तर मला कळवाल?"

बाहेर पडल्यावर आण्णांनी भावाला सायकल-स्टँडजवळ गाठलं. मी प्राचार्यांसाठी पाणी न्यायला तिथूनच चालले होते.

"काय झालं बे? मिळाली का न्हाई?"

"अटीवर मिळाली."

"म्हंजे सौदा कच्चा."

"व्हय."

"पर तुटला न्हाई."

"न्हाई."

आण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मोंढ्यात माल काट्यावर चढेपर्यंत सौदा कच्चा असतो, आणि कच्च्या सौद्यातून कुणी कुणाला उठवत नाही. हा नियम मोडणं त्यांना शक्य नव्हतं. "ठीक हाय," ते म्हणाले. "पुढल्या पाडव्याला बघू."

सर हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण विद्यापीठाचा नियम मला पाठ होता. मान्यता अटीवर असेल तोवर शिकवायला 'स्थानिक व्यवस्था', म्हणजे असेल तो शिक्षक, चालते. मान्यता पूर्ण झाली की संगणकाची पदवी असलेलाच शिक्षक नेमावा लागतो. सरांची पदवी भौतिकशास्त्राची, आणि भौतिकशास्त्राचे तास प्रयोगशाळा घेताना दुसऱ्याकडे गेलेले. म्हणजे आठवा बोलला की मान्यता पूर्ण, आणि मान्यता पूर्ण की सर घरी. घरी म्हणजे गादीवर. प्राचार्यांनाही हे ठाऊक होतं. सरांना कुणी सांगितलं नाही. ते नियम वाचत नसत, कारण नियमांना स्क्रू नसतात.

विद्यापीठाकडून स्मरणपत्रं येत राहिली. मी उत्तर द्यायची: "आठव्या संगणकाच्या कार्डाचा ड्रायव्हर शोधण्याचे काम चालू आहे." हे शब्दशः खरं होतं. सर तास संपले की आठव्यासमोर बसायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं-मुली पुणे-मुंबईला लागली; त्यांना संगणक उघडता यायचा आणि माल न उघडता घेऊ नये हे कळायचं. पाडवे येत गेले. आण्णा दरवर्षी विचारायचे, "काटा झाला का?" आणि सर म्हणायचे, "अजून न्हाई."

एका उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर, सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. घामानं भिजलेले, खिशाला नवीन भोक.

"बोललं," ते म्हणाले.

मी हातातलं काम ठेवलं.

"दोन चिपांच्या मधलीच निघाली बाई. नाव एकीचं, चाल दुसरीची. एका ड्रायव्हरात आकडा बदलला, दुसऱ्यातलं थोडं त्यात घातलं. चला, दावतो. आन विद्यापीठाला लिहा. त्या रसायनवाल्या सरांना बी."

मी गेले. आठवा हाक मारल्यावर ओ देत होता. मी ओळी बघितल्या, आणि मग खुर्ची ओढून घेऊन सरांना तो नियम सांगितला. सगळा, पोटकलमासकट. असं सांगायचं काम मी एरवी कुणावर तरी सोपवते.

सरांनी आधी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. नंतर म्हणाले, "पर चालतंय तर चालतंयच लिहावं लागंल."

"लागेल."

"खोटं न्हाई लिहायचं."

"मी कधी लिहीत नाही."

ते पुन्हा पडद्याकडे वळले. पडद्यावर ओळी येत होत्या, आणि मला यादी तपासायची सवय असल्यामुळे दिसलं की मध्ये एखादी ओळ गाळली जात होती.

"सर, ही मधली कुठं गेली?"

"ते व्हय. पाकीट गळतंय एखादं. दहा-वीस हाका मारल्या की एखादीला ओ देत न्हाई. दलाल जोडाजोडीचा हाय ना."

"म्हणजे पूर्ण चालत नाही."

"पूर्ण तर काहीच चालत न्हाई, बाई."

"बाकीच्या सातांचं गळतं?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "ह्याचंच."

"मग 'जोडणी पूर्ण' असं मला लिहिता येणार नाही. काम चालू आहे असंच लिहावं लागेल. गळती थांबली की सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, माणसाकडे उघडून बघितल्यासारखं त्यांनी तेवढं एकदाच बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर काढला, आठव्याची कूस उघडली आणि म्हणाले, "लई चिवट गळती हाय. वेळ लागंल."

वेळ लागला. गळती सरांच्या हातून थांबली नाही, आणि त्यांच्या हातून न थांबणाऱ्या गोष्टी मी फार बघितल्या नव्हत्या.

त्यांना शेवटी विद्यापीठानं उठवलं नाही, नियमानं नाही, करारानं तर नाहीच. आण्णांना अर्धांगाचा झटका आला. त्यांची मुलं पुण्यात, नोकरीत. सर स्वतःच राजीनामा घेऊन आले, माझंच पेन मागून सही केली आणि म्हणाले, "गादी रिकामी हाय." दोर आता कुणीच धरलेला नव्हता, तरी गेले.

बाजाराच्या दिवशी मोंढ्यातून जाताना मी थांबते. सर लोडाला टेकून बसलेले असतात, शेजारी कूस उघडी ठेवलेला संगणक. आण्णा बाजूला, उजव्या हातानं नळी धरून. डावा चालत नाही. गिऱ्हाईक समोर असलं तरी सर आधी मला विचारतात, "आठव्याचं काय?"

"चालू आहे."

"गळतंय?"

"गळतंय."

"आसंल," म्हणतात, आणि पोत्याकडे वळतात.

त्यांच्या जागी पदवीवाले सर आले. हुशार आहेत, वेळेवर येतात, पेन स्वतःचं वापरतात. आल्या आठवड्यात त्यांनी माझी यादी बघून विचारलं, "मॅडम, हे आठव्याचं इतकी वर्षं का राहिलंय? साधं कार्ड बदललं की पाच मिनिटांचं काम आहे. मान्यता पूर्ण होईल."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी दुसऱ्याच दिवशी नवं कार्ड आणून माझ्या टेबलावर ठेवलं. एकाच दुकानातून, हिरव्या डब्यात, न उघडलेलं. ते तिथंच आहे. यादीतली बाकी सगळी कामं झाली आहेत. हे बसवायचं राहिलं आहे.